टाकी वर आली की भाजी फसली

सकाळी साडेपाचला उठले की चहाच्याही आधी मी मागचं दार उघडून टाकी पाहते. काळी प्लास्टिकची टाकी, लोक गच्चीवर पाण्यासाठी ठेवतात तसलीच. फरक इतकाच की ही उलटी घातलेली आहे आणि दुसऱ्या मोठ्या टाकीत तरंगते. खालच्या टाकीत उष्ट्या-खरकट्याचा गोबर गॅस होतो, आणि गॅस साठेल तशी ही वर येते. तिच्या अंगावर बांगड्यांसारखे उभार आहेत. किती बांगड्या वर आल्या ते मोजायचं. एरवी दोन-तीन असतात. परवा सकाळी पाच होत्या. पाच बांगड्या म्हणजे आदल्या दिवशीची दोडक्याची भाजी पोट्ट्यांनी ताटातच ठेवली होती.

नागपूरच्या नंदनवन भागात माझी मेस आहे. अठ्ठावीस मेंबर, दोन वेळचं जेवण, रविवारी एकच वेळ पण फीस्ट. बहुतेक पोरं बाहेरगावची, यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूरकडची. अठ्ठावीस माणसं दोन वेळा जेवली की रोज पाच-सहा किलो ओला कचरा निघतो. निम्मा भाज्यांच्या साली, देठ, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या. निम्मं ताटातलं उष्टं. कचऱ्याची गाडी सकाळी येते, आणि एखादा दिवस चुकली की मे महिन्यात त्या बादलीचं काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. पंचेचाळीस डिग्रीत दुपारी बारापर्यंत बादली स्वतःच बोलायला लागते. गल्लीतली कुत्री, डुकरं, आणि शेजारच्या वहिनींची नाक मुरडायची तऱ्हा, तिन्ही गोष्टींना मी कंटाळले होते.

गोबर गॅस मला नवा नव्हता. माझं माहेर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. १९८१-८२ पासून केंद्र सरकारने बायोगॅसची राष्ट्रीय योजना आणली, त्यानंतर काही वर्षांत आमच्या अंगणातही खड्डा झाला. लोखंडी ड्रमवाला, खादी ग्रामोद्योगच्या पद्धतीचा. बाबा रोज सकाळी ड्रमला धरून अर्धा फेरा द्यायचे, आतली साय फुटावी म्हणून. आम्ही पोरं त्याला लटकायचो आणि मार खायचो. आईच्या हातातली फुंकणी त्या वर्षी सुटली ती सुटलीच. पुढे बैल गेले, गाई गेल्या, ड्रमला गंज लागून भोकं पडली आणि एक दिवस तो भंगारात गेला. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जनावरं नाहीत तर गोबर गॅस नाही.

ते डोक्यातून काढलं एका मेंबरनं. इंजिनीअरिंगचा, यवतमाळचा पोट्टा. जेवता जेवता म्हणाला, "काकू, शेण कायले पाहिजे? शेण म्हणजे गाईनं खाऊन उरवलेलं. तुमच्या बादलीत तर गाईनं न खाल्लेलंच आहे." मग त्याने पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेबद्दल वाचून दाखवलं. तिथल्या डॉ. आनंद कर्व्यांनी हाच विचार करून पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांचा घरगुती संच बसवला आणि त्याला २००६ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. जनावराने ज्यातला कस काढून घेतलाय त्या शेणापेक्षा भात, पोळी, सडकं फळ यांत किती तरी जास्त गॅस असतो, आणि तो महिनाभर थांबायला न लावता एक-दोन दिवसांत निघतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण म्हणून एक मोठं सयंत्र आहे, तेही त्याने दाखवलं. त्यात आधी कचरा दळतात, गरम पाण्यात हवेवर कुजवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. ते कॉलन्या नि कॅन्टीनसाठी. माझ्या आठ बाय दहाच्या मागच्या अंगणात टाक्याच बऱ्या.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मेस चालवून राहिली का प्रयोगशाळा?" पण दुसऱ्या रविवारी फॅब्रिकेटरकडे तेच घेऊन गेले. माणूस तसाच आहे.

एक दोन हजार लिटरची टाकी, एक दीड हजाराची. दोन्हींची वरची तोंडं कापायची आणि लहान टाकी मोठीत उलटी घालायची, चारी बाजूंनी दोन-तीन बोटं जागा राहील अशी. टाक्या विकणाऱ्याला हे कळेचना. "ताई, पाणी वरून भरायचं असते, उलटी ठेवाल तर सांडन ना!" शेवटी त्याला सांगितलं की आम्हाला पाणी भरायचंच नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. खालच्या टाकीत कचरा घालायला एक तिरपा पाइप, दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला स्लरी, म्हणजे कुजून उरलेला पातळ काला, बाहेर पडायला एक पाइप, उलट्या टाकीच्या डोक्यावर गॅसचा कॉक. टाकी, पाइप, शेगडी, मजुरी धरून बत्तीस हजार गेले.

मग शेण. मागच्या वस्तीतल्या गोठ्यावर जाऊन अठरा घमेली ताजं शेण मागितलं. गवळी म्हणाला, "बाई, घर सारवता का आख्खा वाडा?" हॅन्डकार्टवर शेण आलं, गल्ली खिडक्यांत आली. मी नऊवारीचा काचा मारावा तशी पाचवारी खोचली आणि ड्रममध्ये शेण-पाणी निम्मं निम्मं घेऊन हाताने कालवलं, कडब्याची काडी आणि खडे वेचून काढत. हाताने, कारण खडा आत गेला तर परत काढायला टाकी रिकामी करावी लागते. उरलेली टाकी बोअरच्या पाण्याने भरली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि आपण जे जंतू पाळायला निघालो त्यांनाच ते मारतं, हे पोट्ट्याचं म्हणणं. शेणाचं काम एवढंच, बीज घालायचं. दह्याला विरजण लागतं तसं. गाईच्या पोटात हवेशिवाय जगणारे जे जंतू असतात ते टाकीत उतरवायचे, पुढे कचऱ्यावर ते आपले वाढतात.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आणि मग वाट पाहणं.

नवव्या दिवशी टाकी वर यायला लागली. मी धावत शेगडीचा कॉक उघडला, काडी ओढली, काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. फुस्स करून घाणेरडा वास आणि काही नाही. हे मागून म्हणाले, "बत्तीस हजाराची हवा!" पुढे कळलं की सुरवातीला निघतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि टाकीत अडकलेली हवा. तो सोडूनच द्यायचा असतो. इतकंच नाही, तो पेटवायचा प्रयत्न करणंही शहाणपणाचं नव्हतं. यातला जळणारा वायू म्हणजे मिथेन, आणि हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळलेला असला की तो जळत नाही, उडतो. उलटी टाकी खाली बसवताना कॉक उघडा ठेवायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते, हे फॅब्रिकेटरने सांगितलं होतं आणि आमच्या गडबडीत राहून गेलं होतं. नशीब, काडीच विझली. तेव्हापासून पाइपचा प्रत्येक जोड मी महिन्यातून एकदा साबणाच्या फेसाने तपासते, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तशी.

दोनदा टाकी भरली, दोनदा सोडून दिली. अठराव्या दिवशी, भर दुपारी, काडी विझली नाही. पण जाळ काही दिसेना. नुसता आवाज, सूं करून. मला वाटलं परत फसलं. वातीचा कापूस चिमट्यात धरून वर नेला तर भक्कन पेटला. जाळ होता, निळा, इतका निळा की मेच्या उजेडात दिसतच नव्हता. खिडकीवर पोतं टाकलं, अंधार केला, तेव्हा दिसला. पहिला चहा केला तो त्या गवळ्याला पाजला. त्याला शेणाचा वास येत नाही ना, हे त्याने दोनदा हुंगून पाहिलं.

साध्या गॅसची शेगडी त्याला चालत नाही, हे सांगून ठेवते. सिलिंडरचा गॅस दाबाने येतो आणि त्याला उष्णता भरपूर, म्हणून जेटचं, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोंडाचं, भोक सुईएवढं. आपल्या गॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि दाब म्हणजे टाकीच्या वजनाचाच. जेटचं भोक मोठं पाडून घ्यावं लागतं. दाबासाठी टाकीच्या डोक्यावर बारा विटा ठेवल्यात. यांनी त्या गोलात मांडल्या, एका बाजूला जास्त झाल्या तर टाकी कलते आणि कडेने गॅस बुडबुडत निघून जातो.

मेंबर वाढवताना आपण जसं आधी घरचं पाहतो तसं टाकीला हळूहळू वाढवलं. पहिला आठवडा रोज अर्धा किलो शिळा भात, पाण्यात कुस्करून. मग एक किलो. मग दीड. जून संपेपर्यंत पाच किलोवर आले. जुना मिक्सर त्यासाठीच ठेवलाय, त्यावर लाल रंगाने फुली मारली आहे, कारण एकदा कामवाल्या बाईने त्यात चटणी वाटली.

काय जातं, काय नाही, ते हळूहळू समजलं. भात, पोळी, वरण, उकडलेला आलू हे सोन्यासारखं. कांद्याची टरफलं आणि लसणाची सालं नुसती तरंगतात. अंड्याची टरफलं खाली गाळ करतात. फीस्टच्या रश्श्यातली हाडं कुत्र्यांना. तर्रीचं तेल वर तवंग धरतं, म्हणून त्या दिवशीची पातेली आधी कागदाने पुसून मग विसळायची. नारळाच्या शेंड्या, सीताफळाच्या बिया, मक्याची बुरकुंडं यांना शंभर वर्षं लागतील.

पहिल्या पावसाळ्यात शेगडी फुर्र फुर्र करायला लागली. जाळ वर-खाली, मध्येच विझायचा. गॅस भरपूर, टाकी वर. दोन दिवस जेट साफ करत बसलो. शेवटी पाइप जिथे भिंतीपाशी खाली झुकला होता तिथे हात लावला तर आत पाणी गुडगुडत होतं. टाकीतून गॅस ओलाच येतो, पाइपमध्ये गार झाला की त्यातली वाफ पाणी होऊन सगळ्यात खालच्या जागी साचते. तिथे एक लहान कॉक बसवला, आठवड्यातून एकदा उघडून पाणी काढायचं. दोन टाक्यांमधल्या फटीत डासांची अंडी दिसली तेव्हा घाम फुटला, नागपुरात डेंग्यूचं नाव काढलं की पोरांचे आईबाप फोन करतात. आता दर शनिवारी त्या फटीत चमचाभर तळणीचं उरलेलं तेल सोडते. मारुतीला तेल आणि टाकीला तेल.

आणि माझी जोडवी काळी पडली. ही गोष्ट मला आधी कळलीच नाही. चांदीची जोडवी, लग्नातली. रोज टाकीपाशी बसून कचरा घालते, शेगडीपाशी उभी राहते. पंधरा दिवसांत कोळशासारखी काळी. सोनाराला वाटलं चांदी खोटी. यवतमाळच्या पोट्ट्याला दाखवली तर तो हसला, "काकू, हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येते ना, तोच." थोडाच असतो, पण चांदी काळी करतो, पितळी जेट खातो, आणि जास्त झाला तर माणसालाही वाईट. उपाय साधा निघाला. हातभर लांबीच्या जाड पीव्हीसी पाइपमध्ये लोखंडी तारेचा गंजलेला चोथा भरायचा, भांडी घासायची जुनी स्वस्त तार, आणि गॅस त्यातून न्यायचा. स्टीलची चकचकीत घासणी चालत नाही, तिला गंज धरत नाही आणि काम गंजच करतो. गंज सल्फाइड धरतो आणि काळा होतो. चोथा काळा झाला की काढून बाहेर उघड्यावर पसरायचा, हवेने परत तांबूस होतो, परत भरायचा. पसरल्यावर तो गरम होतो, एकदा मी प्लास्टिकच्या टोपल्यात ठेवला तर टोपलं वाकलं. तेव्हापासून फरशीवर. जोडवी चिंच लावून घासली. आता ती काळी पडायला लागली की समजते, चोथा बदलायचा दिवस आला.

आता संत्र्याचं.

पहिल्याच डिसेंबरमध्ये मला लोभ सुटला. थंडीत गॅस कमी झाला होता. हे होणारच, जंतूंना पस्तीस-सदतीस डिग्री मानवते आणि डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडे दहाच्या खाली उतरतं. तीन बांगड्यांच्या जागी दीड. चौकात एक ज्यूसवाला असतो, आंबिया बहाराची संत्री आली की त्याच्या गाडीशेजारी सालींचा ढीग लागतो. रोज दहा किलो. मी म्हटलं, फेकता कशाला, मला द्या. तो खूश, मी खूश. संत्रानगरीत राहून संत्र्याच्या सालींवर वरण शिजवायचं, मला तर वर्तमानपत्रात फोटोच दिसायला लागला. पाच किलो घरचा कचरा अधिक दहा किलो साली, मिक्सरमधून बारीक करून. अंगणात असा सुगंध सुटला की शेजारच्या वहिनी पहिल्यांदा स्वतःहून कुंपणापाशी आल्या. "आज काय करून राहिल्या गा?"

चौथ्या दिवशी टाकी दोन बांगड्या वर. मी म्हटलं बघा. सहाव्या दिवशी अडीच, पण जाळ पिवळट आणि लपापता. आठव्या दिवशी काडी विझली. नवव्या दिवशी टाकी खाली बसली आणि बसूनच राहिली. बाहेरच्या पाइपमधून येणारी स्लरी एरवी शेणामातीसारखी वासाची, ती आता आंबट, शिळ्या ताकासारखी. त्यावर अजून संत्र्याचा वास. तो वास मला आजही सहन होत नाही, संत्रा बर्फीसुद्धा नको वाटते.

पोट्ट्याने कॉलेजातून पीएचचा, म्हणजे आंबटपणा मोजायचा, कागद आणला. सातच्या आसपास पाहिजे होतं, कागद साडेपाचचा रंग दाखवत होता. मग त्याने मला टाकीच्या आतलं समजावलं, आणि मी ते माझ्या स्वयंपाकघराच्या भाषेत समजून घेतलं. आत दोन पाळ्या काम करतात. पहिली पाळी अन्न फोडून त्याचं आम्ल करते. दुसरी पाळी त्या आम्लाचा गॅस करते. माझ्याकडे एक बाई चिरते आणि मी फोडणी देते, तसं. चिरणारी भराभर, फोडणी देणारी नाजूक आणि सावकाश. संत्र्याच्या सालीत जे तेल असतं, साल वाकवली की डोळ्यात उडतं ते, त्यात लिमोनिन असतं. फळ सडू नये म्हणून झाडाने केलेली तजवीज. जंतू मारणं हेच त्याचं काम. ते आधी दुसऱ्या पाळीवर चालतं. फोडणी देणारी खाली बसली आणि चिरणारी चिरतच राहिली, ढीग वाढत गेला, म्हणजे आम्ल वाढत गेलं, आणि त्या आम्लाने उरलीसुरली दुसरी पाळीही गारद झाली. वर थंडी. मी साली मिक्सरमधून काढल्यामुळे तेल आणखीच मोकळं झालं होतं. हातभाराच्या नावाने मीच विष घालत होते, वासाच्या विषाला सुगंध म्हणत.

सगळं थांबवलं. टाकीला उपास. ज्यूसवाल्याला सांगितलं, भाऊ, साली नको. तो खट्टू झाला, त्याला फुकटची सोय झाली होती. निम्मी स्लरी बादल्यांनी काढून मागच्या नाल्यात नाही, तर खड्डा करून त्यात, चुना टाकून पुरली. पुन्हा गवळी, पुन्हा आठ घमेली शेण, पुन्हा "वाडा अजून सारवला नाही का?" चुन्याची निवळी थोडी थोडी रोज घातली, पीएच पाहत. एकदम घातली तर उलटं बिघडतं. टाकीभोवती काळं प्लास्टिक गुंडाळलं, रात्री त्यावर पोती. सकाळी शेण कालवायला कोमट पाणी. हे म्हणायचे, "मले कधी कोमट पाणी देत नाही, टाकीले देते."

संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, टाकी ढिम्म. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक बांगडी वर आली. मी काडी ओढली नाही. दोन दिवस थांबले. मग गॅस सोडून दिला, परत भरू दिला, आणि मगच काडी ओढली. सूं.

आता एखाद-दुसऱ्या संत्र्याची साल पडली तर मी घाबरत नाही, मोठ्या टाकीत तेवढं पचतं. लिंबाच्या साली मात्र वेगळ्या ठेवते, लोणच्याला होतात. महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरी साठ पानं झाली होती, सोळा भाज्या, आंबील, पुरण. पंधरा-वीस किलो उरलं. आधीची मी असते तर सगळं टाकीत लोटलं असतं. या वेळी ड्रममध्ये झाकून ठेवलं आणि चार दिवस पुरवून पुरवून घातलं.

हिशेब विचाराल तर सांगते, लपवण्यासारखं काही नाही. पाच किलोंतून रोज साधारण अर्धा घनमीटर गॅस. एका शेगडीवर सव्वा तास. त्यात सकाळचा चहा आणि अठ्ठावीस जणांचं वरण होतं, भाताचं आधण येतं. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम एलपीजी. महिन्याला साडेसहा किलोच्या आसपास वाचतो, एकोणीस किलोच्या कमर्शियल सिलिंडरचा तिसरा हिस्सा. सिलिंडर दोन हजारांच्या आसपास धरला तर साडेसहाशे-सातशे रुपये. बत्तीस हजार फिटायला चारेक वर्षं. ज्याला सहा महिन्यांत पैसे पाहिजेत त्याने या भानगडीत पडू नये, आणि जो रोज वीस मिनिटं टाकीला देऊ शकत नाही त्यानेही. स्लरी मात्र फुकटचा फायदा. कचऱ्यातला नत्र गॅसमध्ये जात नाही, स्लरीत राहतो. चारपट पाणी घालून कुंड्यांना दिली. शेजारच्या वहिनींच्या मोगऱ्यालाही देते. त्यांचं नाक आता सरळ आहे.

पण मला सांगायचं होतं ते टाकीच्या बांगड्यांचं. पहिल्या उन्हाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की मी रोज सारखाच कचरा घालते असं मला वाटतं, पण टाकी सारखी वर येत नाही. मग भिंतीवर कॅलेंडरवर लिहायला लागले. आज भाजी काय, उद्या बांगड्या किती. दोडके, पाच. भेंडी, तीन. वांग्याचं भरीत, दोन. पाटोडी रस्सा, दीड. कोहळं, साडेपाच, आणि कोहळं तेव्हापासून बंद. थंडीत हा हिशेब चालत नाही, टाकी गारठ्यानेच खाली असते. पण मार्च ते ऑक्टोबर ती माझ्या स्वयंपाकाला रोज मार्क देते. पोरं तोंडावर कधी सांगत नाहीत. "काकू, मस्त" म्हणून उठतात आणि ताट झाकून ठेवतात. टाकी खरं सांगते.

भाताचं तर मला धक्काच बसला. पोरांना भात वाढताना मी हात सैल सोडायचे, मेसवाली कंजूष म्हणू नये म्हणून. रोज तीन-चारशे ग्रॅम तांदळाचा भात टाकीत जात होता. मी पंचेचाळीस रुपये किलोचे तांदूळ शिजवून, त्यावर गॅस जाळून, त्यातून थोडा गॅस परत मिळवत होते आणि खुशीत होते. आता पहिल्यांदा अर्धी वाटी वाढते, पाहिजे तर परत घ्या. महिन्याला दहा किलो तांदूळ वाचतो, साडेचारशे रुपये. आणि टाकी तीनाच्या जागी दोन-अडीचवर आली. हे हिशेबाचे पक्के, यांनी लगेच ओरड केली की अशाने बत्तीस हजार फिटायला सहा वर्षं लागतील. मी तांदळाची पिशवी दाखवली तर म्हणतात, तो हिशेब वेगळा.

गेल्या रविवारी वडाभात केला होता. वडे खरपूस, भातावर कढवलेलं हिंग-मोहरीचं तेल, बाजूला कढी. यवतमाळचा पोट्टा आता नोकरीला पुण्यात गेला, तो सुट्टीवर आला होता म्हणून खास. कोणी ताटात काही ठेवलं नाही. दोघं-तिघं तर पातेलं खरवडत होते. संध्याकाळी बादलीत नुसती सांबाराची देठं आणि आलूची सालं.

सोमवारी पहाटे दार उघडलं तर टाकी बारा विटांसकट खाली बसलेली. एक बांगडी, तीही अर्धी. चहाचं आधण अर्ध्यावर आलं आणि जाळ गेला. मी पातेलं उचलून सिलिंडरच्या शेगडीवर ठेवलं. हे मागच्या दाराशी उभे राहून टाकीकडे पाहत म्हणाले, "बसली ना आज?"

"बसू द्या," म्हटलं, आणि कॅलेंडरवर अर्धी लिहिली.